स्ट्रेटनिंगची क्रीम घरी लावण्याआधी

लग्नसराई तोंडावर आली की केस सरळ करून घ्यायची घाई होते. पार्लरमध्ये हजारो रुपये मोजण्यापेक्षा खोका आणून घरीच करू, असं पुष्कळ जणी ठरवतात. त्यात गैर काही नाही. पण त्या खोक्यातली क्रीम कंडिशनरसारखी नसते.

केसातल्या केराटिनच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना धरून असतात, म्हणून कुरळा केस कुरळा राहतो. आपल्याकडच्या स्ट्रेटनिंग क्रीममध्ये बहुधा अमोनियम थायोग्लायकोलेट असतं. ते हे बंध तोडतं आणि केस विंचरून सरळ केल्यावर दुसऱ्या ट्यूबमधला न्यूट्रलायझर ते पुन्हा जोडतो. अंगावरचे केस काढायच्या क्रीममध्येही थायोग्लायकोलेटच असतं, फक्त तिथे अल्कली जास्त असते. घड्याळाकडे दुर्लक्ष झालं की केस मुळातून का तुटतात, ते यावरून कळेल.

अमेरिकेत-ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या मुलींना तिथल्या दुकानांत ‘रिलॅक्सर’ दिसतात. ते मुख्यतः कृष्णवर्णीय स्त्रियांच्या घट्ट कुरळ्या केसांसाठी बनवलेले असतात. त्यातल्या अनेकांमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा असतो. ‘नो-लाय’ लिहिलेल्या खोक्यात तो नसतो, पण त्यातलं मिश्रणही कडक अल्कलीच असतं. थायोग्लायकोलेटने सरळ केलेल्या केसांवर असा रिलॅक्सर कधीही लावू नये, केस तुटून हातात येतात.

घरी करायचंच असेल, तर दोन दिवस आधी कानामागे थोडी क्रीम लावून, पत्रकात दिलेल्या वेळेनंतर धुऊन बघा. शिवाय मागच्या बाजूची एक बट घेऊन सगळी क्रिया तिच्यावर करून पाहा. काळी मेंदी लावत असाल तर ही बट-चाचणी टाळूच नका. तशा काही मिश्रणांत धातूंचे क्षार असतात आणि पेरॉक्साइडच्या न्यूट्रलायझरशी संबंध आला की केस तापतात. टाळूवर खाजवल्याचे ओरखडे, फोड किंवा जखम असेल तर बेत पुढे ढकला.

कपाळाची कड, कान आणि मानेवर व्हॅसलिन लावा, हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. डोक्याच्या मागचा भाग स्वतःला दिसत नाही, म्हणून घरातलं कुणीतरी हाताशी हवं. क्रीम मुळांना घासू नका. पूर्वी सरळ केलेले केस असतील तर फक्त नव्या वाढीला लावा आणि जुन्या भागावर कंडिशनरचा जाड थर द्या. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे दोन-तीन महिन्यांच्या आत पुन्हा क्रीम लावण्यात अर्थ नसतो. उलट जुना भाग दोनदा सोलवटतो.

‘जरा चुरचुरतंय म्हणजे काम होतंय’ हा समज सर्वांत घातक आहे. चुरचुरणं ही भाजण्याची सुरुवात असते. वेळ शिल्लक असली तरी त्याच क्षणी वाहत्या साध्या पाण्याखाली डोकं धरा. लिंबू किंवा व्हिनेगर वापरू नका. डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं पाणी सोडत राहा आणि लगेच डॉक्टर गाठा.

दीर्घकाळच्या वापराबद्दलही एक आकडा ठाऊक असावा. अमेरिकेत 33,497 स्त्रियांना जवळपास 11 वर्षं अभ्यासून 2022 साली निष्कर्ष आले. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणाऱ्या स्त्रियांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाच्या कर्करोगाची शक्यता सुमारे 4.05 टक्के, तर अजिबात न करणाऱ्यांमध्ये 1.64 टक्के आढळली. यावरून क्रीममुळेच कर्करोग होतो असं सिद्ध होत नाही, पण वारंवार वापर टाळायला एवढं कारण मला पुरेसं वाटतं.

गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रीम लावू नका, आणि शाळकरी मुलीच्या डोक्याला ती घरी लावूच नका.