रविवारची कीर्द

स्मरणिकेच्या संपादक मंडळींनी यंदा आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा मसुरीचे भाव, पावसाचे मान किंवा वखारींच्या अडचणी यांविषयी चार शब्द मिळतील, अशी त्यांची अपेक्षा असावी. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि आयुष्य बेळगावच्या रविवार पेठेत धान्याच्या ठोक व्यापारात गेलेले. तेव्हा ती अपेक्षा गैर नव्हे. परंतु भावाची बातमी आता सभासदांना सकाळीच आपापल्या मोबाइलवर मिळते. म्हणून जी गोष्ट आम्हांस फार उशिरा उमजली, तीच येथे मांडण्याचे योजिले आहे. शाळेत जाणाऱ्या मुलासह कुटुंबाने शनिवार-रविवार आनंदात कसा घालवावा, हा आमचा विषय होय.

आमच्या पेठेचे नाव रविवार. पण रविवार म्हणून जो दिवस असतो, तो आम्ही कधी घेतला नाही. पेढीच्या फळ्या त्या दिवशी लागत असत खऱ्या, परंतु मागची वखार उघडीच राही. आठवड्याची खतावणी, उधारीच्या चिठ्ठ्या, सोमवारच्या मालाची वाणगी, अशी कामे निघत आणि आम्हीही ती काढत असू. आपण हे सर्व मुलाबाळांसाठीच करतो, अशी आमची समजूत होती.

१९९६ सालच्या श्रावणातील एक रविवार मात्र आम्ही मुलाला कबूल केला होता. त्या वेळी तो नऊ वर्षांचा होता. त्याला गोकाकचा धबधबा पाहावयाचा होता. बेळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवर घटप्रभा नदी घोड्याच्या नालेच्या आकाराच्या कड्यावरून जवळजवळ १७० फूट खाली कोसळते, हे त्याने शाळेत ऐकले होते. दशम्या व चटणी बांधून झाली, मोटार सांगून ठेवली. आणि निघण्याच्या वेळी निरोप आला की, वाटेत भिजलेल्या मसुरीचा ट्रक वखारीशी येऊन उभा आहे. “तासाभरात येतो,” असे सांगून आम्ही गेलो. परतलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मुलगा पायांत बूट-मोजे घालून बारा वाजेपर्यंत ओसरीवर बसून होता, असे सौभाग्यवतींनी सांगितले. मग त्याने आपले बूट आपणच काढले, जागेवर नीट ठेवले आणि तो गृहपाठास बसला. तो रडला नाही. रडला असता तर बरे झाले असते. आम्ही “पुढच्या रविवारी नक्की,” असे म्हटले. त्यानंतर त्याने ती गोष्ट पुन्हा काढली नाही. पुढे कॉलेजात असताना मित्रांबरोबर तो गोकाकला जाऊन आला, हे आम्हांस दुसऱ्यांकडून कळले.

व्यापाऱ्याची उधारी बुडते तेव्हा ती वहीत तरी दिसते. ही उधारी आमच्या कोणत्याच वहीत नव्हती.

२०२२ सालच्या दिवाळीनंतर एके दिवशी आम्ही झोपाळ्यावर बसलो होतो. आठ वर्षांचा नातू वडिलांच्या मागे लागला होता, आणि चिरंजीव मोबाइलवर सौदा करता करता त्याला म्हणाले, “पुढच्या रविवारी नक्की.” शब्द आमचे होते. आवाजही आमचाच होता. त्या रात्री आम्हांस नीटशी झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही चिरंजीवांस सांगितले, “रविवारची वखार यापुढे आम्ही पाहू, तुम्ही मुलाला पाहा.” ते हसून म्हणाले, “अण्णा, मग तुम्ही कधी यायचे?” तेव्हा असे ठरले की वखार बंदच ठेवावी, सकाळी आठ ते नऊ एवढाच वेळ फोन घ्यावेत, आणि नंतर दोन्ही मोबाइल कपाटात ठेवावेत. नड पडलीच तर मुनीमजी घरी येतील. त्यांस त्या पहिल्या वर्षात तीनच वेळा यावे लागले, आणि त्यांतली दोन कामे सोमवारपर्यंत थांबण्यासारखी होती.

आता अनुभवाच्या काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट अशी की, बेत आधी ठरवावा आणि तो मुलाबरोबर बसून ठरवावा. आम्ही गुरुवारी संध्याकाळी जेवणे आटोपल्यावर बसतो. नातवास आम्ही पेढीवरची एक लाल वही दिली असून ती त्याची रविवारची कीर्द होय. ठरलेला बेत तो तीत लिहितो, आणि लिहिलेला बेत मोडणे मोठ्या माणसांस जड जाते. रविवारी रात्री तो डाव्या बाजूस जमा व उजव्या बाजूस नावे मांडतो. एकदा जमेकडे ‘खंड्या पक्षी एक’ व नावेकडे ‘चेंडू एक, नदीत’ असे होते. ही वही वाचताना आम्हांस जो आनंद होतो, तो नफ्याची खतावणी वाचताना कधी झाला नव्हता.

दुसरी गोष्ट शनिवारची. शाळा सकाळची असते. दुपारी विश्रांती घेऊन गृहपाठ संध्याकाळीच संपवावा. रविवारी रात्री अपुरा गृहपाठ समोर आला म्हणजे दिवसभराच्या आनंदावर पाणी पडते.

तिसरी गोष्ट, एका दिवसात एकच ठिकाण, आणि तेही जवळचे. पहिल्या रविवारी आम्ही किल्ल्यातील कमल बस्तीत गेलो. आपण सर्वजण तेथे दर्शनास जातो, परंतु मान वर करून किती जण पाहतात? इ. स. १२०४ मध्ये, रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळी, त्याचा मंत्री बीचिराज याने ती बांधविली. नेमिनाथ स्वामींचे दर्शन झाल्यावर नातवास छतातील दगडी कमळाच्या पाकळ्या मोजावयास सांगितले. त्याच्या मोजणीत ६८ आल्या, चिरंजीवांच्या ७१. मग दोघांनी मिळून पुन्हा मोजल्या, तेव्हा ७२ भरल्या. भूत, वर्तमान व भविष्य अशा तीन चोविशींचे तीर्थंकर मिळून बहात्तर होतात, हे सांगताच तो म्हणाला, “म्हणजे चोवीस त्रिक बहात्तर!” जो पाढा त्याला महिनाभर येत नव्हता, तो तेथे कायमचा पाठ झाला.

पुढे एकदा आगगाडीने देसूरवरून खानापूरला जाऊन मलप्रभेचे पात्र पाहून आलो. त्या दिवशी नातवाच्या हाती दोनशे रुपये देऊन तिकिटांचा व खर्चाचा हिशेब त्याच्याकडे सोपविला. तो दोन रुपयांनी चुकला आणि ती चूक त्याने स्वतःच शोधून काढली. थंडीत येळ्ळूरजवळच्या राजहंसगडावर चढलो. खालचे शिवार दाखवून, आपल्या वखारीत येणारे भात अशाच शिवारांतून येते, असे सांगितले. पोत्याच्या आधी शेत असते, ही गोष्ट व्यापाऱ्याच्या मुलास लहानपणीच कळावी.

चौथी गोष्ट भगिनींच्या वतीने सांगतो. घरातील स्त्रियांनी पहाटे चारला उठून पुऱ्या तळाव्यात आणि रात्री डबे घासत बसावे, याला कुटुंबाची सहल म्हणता येत नाही. आमच्याकडे आता दशम्या व चिवडा शनिवारीच होतो, पाणी गाळून भरण्याचे काम चिरंजीव करतात आणि डबे घासण्याचे नातू. सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावे म्हणून चारच्या सुमारास परत फिरतो. हा आपला नियम सहलीच्या आड येतो असे कित्येकांस वाटते; आमचा अनुभव असा की, त्यामुळे मूल वेळेवर निजते आणि सोमवारी शाळेत जांभया देत नाही.

पाचवी गोष्ट पावसाची. बेळगावचा पाऊस आपणांस ठाऊकच आहे. आषाढात घराबाहेर पडणे कठीण. तेव्हा आम्ही दहा वाट्यांत दहा धान्ये घेतो आणि डोळ्यांस रुमाल बांधून केवळ बोटांनी ओळखावयास सांगतो. जोंधळा, तूर, हरभरा सोपे. तांदळातील बासमती व इंद्रायणी वेगळे ओळखणे मात्र कसोटीचे. या खेळात सूनबाईंनी आम्हां तिघाही पुरुषांस हरविले आहे, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

आणि शेवटची गोष्ट, महिन्यातून एक रविवार मोकळाच ठेवावा. मूल कंटाळले तर कंटाळू द्यावे. थोड्या वेळाने ते आपला खेळ आपणच शोधते. आपण घरात हजर असलो म्हणजे पुरे.

२०२४ सालच्या ऑगस्टअखेर गुरुवारच्या बैठकीत नातवाने वहीत लिहिले, ‘गोकाक’. आम्ही चिरंजीवांकडे पाहिले नाही. रविवारी सहा वाजता निघालो. धबधबा दुरूनच ऐकू आला. गढूळ, तांबूस पाणी, त्याचा धूर आणि कानठळ्या बसविणारा तो नाद! नातवाचा हात आम्ही घट्ट धरला होता. वडील माणसांनी कड्यापासून दूर थांबून मुलांस आवरावे, हे सांगावयास नको. चिरंजीव बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आमच्या कानाशी येऊन त्यांनी विचारले, “अण्णा, तो मसुरीचा ट्रक कोणाचा होता हो?”

तीस वर्षांपूर्वीचे भाव आम्हांस तोंडपाठ आहेत. कोणी किती दिवस पैसे थकविले, तेही आठवते. परंतु तो ट्रक कोणाचा, माल किती पोती, नुकसान किती झाले, यांतले काही केल्या आठवेना. तसे आम्ही सांगितले. चिरंजीव हसले, आणि लहानपणी कधी धरीत असत तसा त्यांनी आमचा दंड धरला.

क्षमावाणीच्या दिवशी आपण साऱ्या पेठेची क्षमा मागतो. घरच्या मुलाची मागावयाची राहून जाते. आम्ही ती त्या दिवशी, धबधब्याच्या आवाजात, मागितली. ती ऐकू गेली की नाही, कोण जाणे.

तरुण सभासद बंधूंस एवढीच विनंती की, आपल्या मुलाचा एखादा ‘पुढचा रविवार’ येणे असेल, तर तो याच आठवड्यात चुकता करावा. लेखात काही न्यूनाधिक झाले असल्यास वाचकांनी उदार मनाने क्षमा करावी.