फोटोतला टिलवा कोणता?

हिवाळ्यात आम्ही मुलांना घेऊन उजनी जलाशयाच्या काठी, भिगवणला गेलो होतो. परतल्यावर नववीतल्या एकाने मोबाइलवरचा फोटो दाखवला. चिखलात उभा असलेला चिमणीएवढा पक्षी. पाठ राखी-तपकिरी, पोट पांढरे, पाय काळे. पुस्तक उघडले. पाय काळे असतील तर छोटा टिलवा, म्हणजे लिटल स्टिंट. पिवळट-हिरवे असतील तर टेमिंकचा टिलवा. मुलाने लगेच वहीत ‘छोटा टिलवा’ असे लिहिले. मीही मान डोलावली. दोघांचीही घाई झाली होती.

हे दोन्ही पक्षी थंडीत दूर उत्तरेकडून आपल्याकडे येतात. छोट्या टिलव्याची लांबी 12 ते 14 सेंटिमीटर, टेमिंकच्या टिलव्याची 13 ते 15. तेव्हा आकारमानावरून ओळखणे बादच. शिवाय फोटोतले आकारमान फसवे असते. समजा, एक पक्षी आपल्यापासून 50 मीटरवर आहे आणि दुसरा त्याच्या मागे 52 मीटरवर. अंतरात फरक 4 टक्क्यांचा, म्हणून मागचा पक्षी फोटोत जेमतेम 4 टक्के लहान उमटतो. पण आपल्या मेंदूला जवळच्या वस्तू पाहण्याची सवय. मागची वस्तू चांगलीच लहान दिसायला हवी, अशी त्याची अपेक्षा. ती तशी दिसली नाही, की तो मागच्या पक्ष्यालाच मोठा ठरवून टाकतो. हे शाळेच्या मैदानावर करून पाहता येईल. खडूची दोन सारखी खोकी एकामागे एक, 2 मीटर अंतर सोडून ठेवा. एक फोटो पहिल्या खोक्यापासून 2 मीटरवरून काढा, दुसरा 30 मीटरवरून झूम करून. पहिल्या फोटोत मागचे खोके निम्मे दिसेल. दुसऱ्यात दोन्ही जवळपास सारखीच.

आता पाय. टिलवे दिवसभर चिखलात वावरतात. ओला चिखल चढला, की पिवळे पायही काळे दिसतात. सावलीत किंवा उजेडाविरुद्ध काढलेल्या फोटोत तर हमखास. म्हणून रंगापेक्षा ठेवण पाहावी. टेमिंकच्या टिलव्याच्या छातीवर राखी-तपकिरी रंग आडवा पसरलेला असतो, मफलर गुंडाळल्यासारखा. छोट्या टिलव्याची छाती हिवाळ्यात मध्ये पांढरी आणि फक्त बाजूंना राखी असते. टेमिंकच्या शेपटीची कडेची पिसे पांढरीशुभ्र, छोट्याची राखी. मात्र ही पिसे पक्षी उडाल्याशिवाय बहुधा दिसत नाहीत.

फोटोत न येणारी गोष्ट म्हणजे वागणूक. छोटे टिलवे उघड्या चिखलावर थव्याने धावतात आणि शिवणयंत्राच्या सुईसारखी भराभर चोच मारतात. टेमिंकचा टिलवा एकटा किंवा दोघे-चौघे, गवताच्या कडेने, पाय वाकवून दबकत चालतो. म्हणून मुलांना सांगावे, की आधी दोन मिनिटे पाहा आणि वहीत लिहा, फोटो नंतर.

एवढा काथ्याकूट कशासाठी? 1987 पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते आणि तिच्यात हौशी लोकांच्या नोंदी जमा होतात. चुकीच्या नावाची नोंदही त्यांत जाऊन बसते. चमच्यासारख्या चोचीचा स्पून-बिल्ड सँडपायपर हा रशियाच्या अतिपूर्वेला वीण करणारा पक्षी आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. हिवाळी पिसाऱ्यात तो टिलव्यासारखाच दिसतो. साध्या टिलव्याच्या चोचीला चिखलाचा गोळा चिकटला, की समोरून काढलेल्या फोटोत ‘चमचा’ दिसू लागतो. उलट, खरा चमचा बाजूने पाहिल्यास चटकन लक्षातही येत नाही. अशा वेळी एका फोटोवर विसंबणे महागात पडते.

आमच्या मुलाकडे सुदैवाने त्याच पक्ष्याचे सात फोटो होते. तिसऱ्यात तो पाण्यातून पाय उचलत होता. चिखल धुतला गेलेला पाय पिवळट दिसत होता. सहाव्यात तो उडाला होता. फोटो हललेला, पण शेपटीच्या दोन्ही कडा पांढऱ्या. “तो कोठे होता? थव्यात?” मी विचारले. “नाही सर, एकटाच होता. गवतापाशी.” त्याने वहीतले ‘छोटा’ खोडून ‘टेमिंकचा’ केले आणि शेजारी फोटोंचे क्रमांक टाकले : 3 आणि 6. दुसऱ्या एका मुलीचा पक्षी मात्र पाठमोरा होता आणि फोटो एकच. तिच्या वहीत आजही ‘टिलवा, जात निश्चित नाही’ असेच लिहिलेले आहे.