फेऱ्या किती मोजल्या, ते आधी सांगा

क्रमवार यादीत काही शोधायचं तर लो आणि हाय या दोन टोकांची बेरीज करून दोनाने भागायचं, की मधली जागा मिळते. ओळ इतकी साधी की कुणी ती दोनदा वाचत नाही. पण दोन्ही टोकं दीड अब्जावर असली तर बेरीज होते ३ अब्ज, आणि ३२ बिटांच्या पूर्णांकात मावतात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७. सी भाषेत बहुतेक यंत्रांवर मधली जागा निघते उणे ६४,७४,८३,६४८! जावाच्या प्रमाण लायब्ररीत हीच चूक सुमारे नऊ वर्षं बिनबोभाट राहिली; २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी ती उघड केली.

सीबीएमसी हे साधन अशी ओळ चालवून बघत नाही. ते लूप ठरावीक फेऱ्यांपर्यंत उलगडतं, चलाची किंमत बदलेल तिथे नवं नाव देतं आणि अख्ख्या प्रोग्रामचं खऱ्या-खोट्याचं एक अवाढव्य सूत्र बनवतं. मग सॅट सॉल्व्हरला एकच प्रश्न : अट मोडणारी एक तरी किंमत आहे का? असली तर लो किती, हाय किती, कुठल्या ओळीवर काय झालं, सगळं क्रमाने हातात पडतं. नुसत्या ‘चूक आहे’पेक्षा हा माग मोलाचा, कारण त्यावर वाद घालता येत नाही.

मूळ पद्धत १९९९ची, हार्डवेअरसाठी मांडलेली. कार्नेगी मेलनमधल्या एडमंड क्लार्क, डॅनियल क्रोनिंग आणि फ्लाव्हिओ लेर्डा यांनी २००४ मध्ये ती सी प्रोग्रामसाठीचं साधन म्हणून मांडली. पुढचा वेग बराचसा उसना आहे : चॅफ, मिनिसॅट, कॅडिकल असे सॉल्व्हर सुधारत गेले आणि सीबीएमसीची पोच आपसूक वाढली. (कॅडिकलचे कर्ते आर्मिन बीरे हे १९९९ची ती पद्धत मांडणाऱ्या निबंधाचेही एक लेखक.) २०१८ पर्यंत ॲमेझॉनने आपल्या डेटा सेंटरमधला बूट कोड याच साधनाने तपासला होता. रस्ट भाषेसाठीचं ‘कानी’ हे साधनही आत सीबीएमसीच वापरतं.

गोम मात्र फेऱ्यांची. दहा फेऱ्या उलगडल्या आणि अकराव्या फेरीत गडबड असली तर? पुण्यातल्या टीसीएसच्या संशोधकांनी ‘व्हेरिॲब्स’मध्ये लूपच्या जागी त्याचं सोपं, पण सगळ्या फेऱ्या कवेत घेणारं रूप ठेवलं आणि तपासणी सीबीएमसीकडे सोपवली. एसव्ही-कॉम्प या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत व्हेरिॲब्सने आपल्या गटात पहिला क्रमांकही मिळवला आहे.

खुद्द सीबीएमसीकडे ‘दिलेल्या फेऱ्या पुरल्या का’ हे तपासायची सोय २००४ पासून होती. तरी आवृत्त्यांच्या पाचव्या मालिकेत ती वेगळी मागावी लागे. ॲरेची हद्द, पूर्णांकाचा ओव्हरफ्लो याही तपासण्या मागितल्या तरच. न मागणाऱ्यालाही ‘यशस्वी’ असा शेरा मिळायचा, आणि तो शेरा वाचणारा माणूस त्यामागचे पर्याय वाचत बसत नाही. २०२४ मध्ये आलेल्या सहाव्या मालिकेने हे सगळं न मागताच चालू केलं. वीस वर्षांतल्या सुधारणांत मी हिला सगळ्यात वर ठेवीन, जरी तिच्यात नवं गणित औषधालाही नाही. जुनी तपासणी तशीच्या तशी सहावर नेली तर काल पास झालेला कोड आज नापास होऊ शकतो. जुनी सवलत हवीच असेल, तर ती आता पर्याय लिहून मागावी लागते.