हॉर्नोयाचे गोचीड

नॉर्वेच्या पूर्व टोकावर वार्डो नावाचं गाव आहे. तिथून बोटीनं थोड्याच वेळात हॉर्नोया बेटावर पोचता येतं. कड्यावर किटिवेक, गिलेमॉट आणि पफिन या समुद्रपक्ष्यांचा इतका गलबला, की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. माझ्यासोबतचे संशोधक मात्र पायाखालचे दगड बघत होते.

दगड अलगद उचलायचा, खालची बाजू निरखायची, मग तो होता तसा ठेवायचा. एकाखाली काहीच नसतं. हातभर अंतरावरच्या दुसऱ्याखाली गोचिडांचे लार्वा, निम्फ आणि रक्त पिऊन वाटाण्याएवढ्या फुगलेल्या राखाडी माद्या एकमेकींना बिलगून बसलेल्या असतात. घोळक्यात राहिलं की अंगातलं पाणी कमी उडतं.

या गोचिडाचं नाव इक्सोडिस उरिये. त्याचं आयुष्य काही वर्षांचं, पण प्रत्येक अवस्थेत रक्त प्यायचं एकदाच, तेही थोडे दिवस; प्रौढ नर तर पीतच नाही. बाकी सगळा काळ दगडाखाली किंवा फटीत. स्वतःहून तो लांब जाऊ शकत नाही, म्हणून घरटं जिथे, तिथेच त्याचा मुक्काम.

गोचिडांसाठी घरट्यांतली पिल्लं तपासताना हात फार हळुवार लागतो. डोळ्यांभोवती, चोचीच्या मुळाशी, पायाच्या पडद्यावर बघायचं. चिमट्यानं त्वचेलगत धरून गोचीड सरळ ओढायचा आणि अल्कोहोलच्या नळीत टाकायचा. चिठ्ठीवर कड्याचा भाग, घरटं आणि पक्ष्याची जात लिहायची. जात चुकली तर नमुना वाया गेला. कारण संशोधक कॅरेन मॅकॉय आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये दाखवलं, की एकाच ठिकाणी राहणाऱ्या किटिवेकवरचे आणि पफिनवरचे गोचीड आनुवंशिकदृष्ट्या वेगळे असतात. दोन्ही घरटी शेजारी असली, तरी त्यांची बिऱ्हाडं निराळी! मला याचं नवल अजून ओसरत नाही.

गोचिडाची हीच प्रजाती पार अंटार्क्टिकात पेंग्विनांच्या वसाहतींतही आहे. लाइम रोगाचे जिवाणू तिच्यात दोन्ही गोलार्धांत सापडले आहेत. स्पिट्सबर्गेनमध्ये आधीचा हिवाळा सौम्य गेला, की ब्रुनिख गिलेमॉटवर गोचिडांचं प्रमाण वाढलेलं दिसतं, असं 2013 च्या एका अभ्यासात आढळलं. उत्तर ध्रुवाकडचे हिवाळे तर झपाट्यानं सौम्य होत आहेत. अशा वसाहतींत पक्ष्यांची गणना नेमानं होते. म्हणून त्याच फेरीत ठरलेले काही दगड उचलून गोचिडांचीही नोंद घ्यायला हवी.