बंदिवासांतील स्मित

हास्याविषयीं आम्हां शाळामास्तरांचें मत सहसा अनुकूल नसतें. वर्गांत जी शांतता आम्हीं इतकीं वर्षें राखली, ती बव्हंशीं मुलांचें हंसूं दडपूनच राखली, हें कबूल केलें पाहिजे. त्यामुळें गेल्या पावसाळ्यांत येथें देवळीस आमच्या घरीं जो प्रसंग घडला, त्यांत चूक आमचीच झाली याचें आतां आम्हांस फारसें नवल वाटत नाहीं.

आमच्या वडील वहिनी मांडीचें हाड मोडल्यानें तेव्हां चार महिने खाटेवर पडून होत्या. एके सायंकाळीं वीज गेली आणि घरचीं सारीं मुलें ओसरीवर त्यांच्या खाटेभोंवतीं जमलीं. वहिनी म्हणाल्या, "मी अटकेंत आहें रे बाबांनो! पण पहारेकरी दोन वेळां चहा देतात, म्हणून पळून जात नाहीं." मुलें खदखदून हंसलीं. आम्ही आंतून गरजलों, "आजी दुखण्यानें पडली आहे आणि तुम्हांला हंसूं सुचतें?" मुलें गप्प झालीं. वहिनीहि गप्प झाल्या. बऱ्याच वेळानें अंधारांतून त्यांचा आवाज आला, "भाऊजी, दिवसभरांत माझ्या हातून एवढेंच एक काम होत होतें."

या वाक्यानें आम्हांस कांहीं दिवस स्वस्थता लाभूं दिली नाहीं. त्याच सुमारास, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टांत, ग्रूप कॅप्टन दिलीप पारुळकर यांच्या निधनाची वार्ता आली आणि त्यांच्या बंदिवासाची हकीकत आम्हीं पुन्हां एकवार वाचून काढली. वहिनींस द्यावयाचें उत्तर तींत सांपडलें, म्हणून ती वाचकांपुढें ठेवीत आहों.

अटक हा शब्द देवळीस परका नाहीं. दुसरें महायुद्ध चालू असतां १९४० च्या ऑक्टोबरांत विनोबा भावे यांनीं पवनारहून वैयक्तिक सत्याग्रहास आरंभ केला. युद्धास साहाय्य करूं नका, असें सांगत ते आसपासच्या गांवीं फिरले, आणि २१ ऑक्टोबरला त्यांस अटक झाली ती आमच्या देवळीसच. शिक्षा झाली तीन महिन्यांची. तुरुंग कठीण खराच; पण ज्यास शिक्षा ठोठावली आहे, त्याच्या हातीं एक गोष्ट उरते. तो दिवस मोजूं शकतो. युद्धांत शत्रूच्या हातीं सांपडलेल्या सैनिकाचें तसें नाहीं. त्यानें गुन्हा केलेला नसतो म्हणून त्यास शिक्षा नाहीं, आणि शिक्षा नाहीं म्हणून तिचा शेवटहि ठरलेला नाहीं. मोजावयाचें तरी काय आणि कोठवर, हेंच त्यास ठाऊक नसतें.

पारुळकरांच्या वांट्यास आला तो असा बंदिवास. १९६५ च्या युद्धांत त्यांच्या विमानास गोळी लागून उजवा खांदा जखमी झाला होता. विमान सोडून उडी घ्या, असें त्यांच्या नायकानें सुचविलें असतांहि त्यांनीं तें तळावर सुखरूप आणलें. १९७१ च्या युद्धांत १० डिसेंबरला त्यांचें सुखोई विमान पाकिस्तानांत पडलें आणि ते पकडले गेले. लढाई दोन आठवड्यांत आटोपली. कैद मात्र वर्षास नऊ दिवस उणे इतकी लांबली. भारताच्या ताब्यांत सुमारें ९३ हजार पाकिस्तानी बंदी होते, आणि त्यांच्या परतीचा प्रश्न बांगलादेशाच्या मान्यतेशीं गुंतलेला होता. २ जुलै १९७२ ला सिमला करार झाला, पण बंद्यांच्या सुटकेची तारीख त्यांतहि नव्हती.

रावळपिंडीच्या छावणींत सुमारें बारा भारतीय वैमानिक एकत्र ठेवलेले होते. विंग कमांडर कोएल्हो हे त्यांतील वडीलधारे. कामत, चाटी अशीं आपल्याकडचीं आडनांवेंहि त्यांत होतीं. छावणीचे अधिकारी उस्मान हमीद हे सज्जन गृहस्थ होते. नाताळच्या दिवशीं त्यांनीं बंद्यांसाठीं केक आणविला. शत्रूच्या घरचा केक खाऊन जीं माणसें हंसलीं बोललीं, त्यांचा दिवस थोडा हलका झाला असेल. पण विशेष हें कीं, त्यांनीं हंसण्यावर भागविलें नाहीं. पारुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल व हरीश सिंहजी या तिघांनीं सुटकेचा बेत केला. जेवणाच्या काट्या-सुऱ्यांसारख्या हत्यारांनीं भिंतीच्या विटा मोकळ्या करण्याचें काम रात्रीं-अपरात्रीं चालूं लागलें. शिवणाच्या सुईस चुंबकत्व देऊन होकायंत्र तयार झालें. नांवेंहि नवीं ठरलीं. पारुळकर झाले फिलिप पीटर, सिंहजी झाले हॅरल्ड जेकब आणि ग्रेवाल झाले अली अमीर. नाटकमंडळींत पात्रें वाटावीं तशीच ही वांटणी!

१९७२ च्या ऑगस्टांत १२ व १३ तारखांच्या मधल्या वादळी रात्रीं तिघे भिंतीच्या भोंकांतून बाहेर पडले. मोटारींतून पेशावर, तेथून टांग्यानें, पायीं, पुन्हां मोटारीनें, असें करीत सकाळीं ते खैबर खिंडींतील लंडी कोतल गांवीं पोंचले. अफगाणिस्तानची हद्द तेथून अवघी चार-पांच मैल.

घात केला तो भूगोलानें! त्यांच्याजवळच्या माहितींत हद्दीजवळ लंडी खाना नांवाचें रेल्वेचें स्थानक होतें. त्यांनीं तेथील वाट विचारली. परंतु १९२६ सालीं उघडलेलें तें स्थानक १९३२ सालींच बंद झालें होतें. चाळीस वर्षांपूर्वीं बंद पडलेल्या स्थानकाची वाट पुसणारे हे तिघे कोण, असा संशय तेथील माणसास आला. त्या काळीं पाकिस्तानांत अडकलेले बंगाली लोक याच वाटेनें निसटत असत. हेहि तसेच असावेत असें वाटून त्यांस तहसीलदारापुढें उभें करण्यांत आलें. मुलांना जुन्या नकाशावरून धडे देणाऱ्या आमच्यासारख्यानें येथें मान खालीं घालावी हें योग्य.

डोंगरी मुलुख आणि संशयित परके. पुढें काय होईल याचा नेम नव्हता. अशा वेळीं पारुळकरांनीं, पाकिस्तानी हवाईदलप्रमुखांच्या ए.डी.सी.ना दूरध्वनि लावून द्या, असा आग्रह धरला. हे ए.डी.सी. म्हणजे कोण? तर त्यांचेच जुने तुरुंगाधिकारी उस्मान हमीद! पळालेल्या कैद्यानें जीव वांचविण्यासाठीं आपल्या जेलरासच हांक मारावी, हा विनोद कोणा प्रहसनकारास सुचला असता तर आम्हीं तो अतिरंजित ठरविला असता. उस्मान यांनीं खूण ओळखली, आणि हीं माणसें आमचींच आहेत, त्यांस इजा करूं नका, अशा अर्थाचा निरोप दिला. तिघांचे जीव वांचले.

१९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणें युद्धकैद्यानें पलायनाचा प्रयत्न करणें हा गुन्हा मानीत नाहींत. फसलेल्या प्रयत्नास शिस्तभंगाचीच शिक्षा देतां येते आणि ती तीस दिवसांहून अधिक असूं शकत नाहीं. तिघांच्या वांट्यास एकांतवास आला. पुढें त्यांस लायलपूरच्या, म्हणजे आजच्या फैसलाबादच्या, तुरुंगांत नेलें. अखेर १ डिसेंबर १९७२ ला वाघा येथें ते स्वदेशीं परतले.

ही गोष्ट मुलांना सांगितली तेव्हां आमच्या नातवानें विचारलें, "आजोबा, शिवाजीमहाराज आग्र्याहून सुटले. हे तर पकडले गेले. मग यांची गोष्ट कशाला सांगायची?"

प्रश्न खरा होता. त्यावर आम्हीं जो विचार केला, तो असा. आपल्या नाट्यशास्त्रांत हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मित, हसित येथपासून थेट अतिहसितापर्यंत. दांत न दाखवितां मुद्रेवर उमटणारें स्मित हें त्यांत उत्तमांचें मानलें आहे. आणि वीररसाचा स्थायिभाव कोणता? क्रोध नव्हे, क्रोध रौद्राकडे गेला. वीराचा स्थायिभाव उत्साह. हीं दोन सूत्रें आम्हीं अनेकदां पढविलीं, पण तीं एकमेकांस कोठें भेटतात हें आम्हांस दिसलें नव्हतें. तीं रावळपिंडीच्या त्या कोठडींत भेटतात. बंदिवानाचा वेळ, अन्न, कपडे, वाटा, सारें दुसऱ्याच्या हातीं गेलेलें असतें. आपल्या स्थितीकडे पाहून त्यानें स्मित केलें कीं, त्या स्थितीहून तो क्षणभर वेगळा होतो. ज्यास वेगळें होतां येतें, त्यासच उद्यां एक वीट हलवितां येते. तिघांचें पलायन फसलें खरें. पण इतके महिने त्यांनीं स्वतःचा वेळ स्वतः वापरला, तो कोणी परत घेऊं शकला नाहीं. त्यांच्याबरोबरचे धीरेंद्र जाफा यांनीं पुढें आपल्या बंदिवासाचें पुस्तक लिहिलें. मरण दुखलें नाहीं, अशा अर्थाचें नांव त्यांनीं त्यास दिलें, यांतच आम्हांस तें स्मित दिसतें.

येथेंच थांबलों असतों तर लेख गोड झाला असता. परंतु दुसरी बाजू लपविणें बरें नव्हे. त्याच युद्धांत, त्याच डिसेंबराच्या पहिल्या आठवड्यांत, फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे हेहि पाकिस्तानांत पडले. पकडलेल्या वैमानिकांच्या यादींत त्यांच्याशीं मिळतें आडनांव तिकडील वर्तमानपत्रांत छापून आलें होतें. ते परतले नाहींत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनमधील राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नास दीड वर्ष झालें होतें. २००७ च्या जूनमध्यें बेपत्ता सैनिकांच्या नातलगांबरोबर त्यांनीं पाकिस्तानांतील तुरुंग पालथे घातले. माणूस मिळाला नाहीं. युद्धकैद्याच्या कैदेस शेवटची तारीख नसते असें वर म्हटलें. वाट पाहणाराच्या कैदेसहि ती नसते. अशांस, धीर धरा, हंसतमुख राहा, असें सांगण्याचा अधिकार तुम्हांआम्हांस कोणी दिला? दुःखितानें स्वतः केलेलें स्मित हें धैर्य होय. बघ्यांनीं त्याच्याकडे मागितलेलें स्मित हा निर्दयपणा होय. आणि त्याचें उमटलेलें स्मित, शोभत नाहीं म्हणून, पुसून टाकणें? तोहि निर्दयपणाच, आणि तो आमच्या हातून घडला होता.

मोठ्या कुटुंबांत आजारी, वृद्ध, अडलेलें असें एखादें माणूस बहुधा असतेंच. आपण त्याचें औषध, पथ्य, पैसा सारें पाहतों. त्याचें दुःख कसें दिसावें हेंहि आपणच ठरवूं लागलों, म्हणजे आपण त्याचे जेलर झालों. आणि उस्मान हमीदांइतके भले जेलरहि नव्हे.

वहिनी अजून खाटेवरच आहेत. परवां आम्हीं चहा नेऊन दिला तेव्हां त्यांनीं पेला हातीं घेत विचारलें, "काय पहारेकरी, साखर कमी कां?" मुलें आमच्या तोंडाकडे पाहूं लागलीं. आम्हीं सांगितलें कीं, सरकारी हुकूम आहे. मग मुलें हंसलीं, आणि आम्ही साखर आणावयास आंत गेलों.