मुलांच्या आधी शिक्षकांना बागेत नेऊया

ऑगस्ट २०२४ च्या पुरात विश्वामित्रीतल्या मगरी वस्तीत आल्या, ते आपण बडोदेकरांनी पाहिले. मुलांच्या मनात त्यातून भीती तेवढी उरली. मगर नदीकाठच्या मातीत बीळ करते, तिथेच अंडी घालते. काठ सिमेंटचा झाला तर ती कुठे जाईल, हा प्रश्न मात्र वर्गात क्वचितच निघतो.

पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला. धडे आले, पण वर्ग बाहेर पडला नाही. विज्ञान शिक्षकांशी बोलताना आम्हाला दोन अडचणी ऐकू येतात: मुलांनी झाडाचे नाव विचारले आणि ते आले नाही तर? आणि एवढ्या मुलांना सांभाळायचे कसे? दोन्हींवर उपाय एकच, प्रशिक्षण. त्यात शिक्षकांनी आधी स्वतः विद्यार्थी व्हायचे.

सुरुवातीला कमाटीबाग पुरते. चार खुंट्या आणि सुतळी घेऊन एक मीटर लांब-रुंद चौकट आखायची. एक चौकट पायवाटेच्या कडेला, दुसरी माणसे फिरकत नाहीत अशा झाडाखाली. प्रत्येकीत किती प्रकारच्या वनस्पती, किती मुंग्या, माती किती घट्ट, हे वहीत नोंदवायचे. नाव येत नसेल तर ‘वनस्पती क्र. १’ लिहून पानाचे चित्र काढावे. मोजणी अडत नाही. जागा मात्र चिठ्ठी टाकून ठरवावी, कारण आपले लक्ष आपोआप फुललेल्या कोपऱ्याकडे जाते आणि निष्कर्ष चुकतो. एका चौकटीवर विसंबू नये. दोन्हीकडे पाच-पाच आखून सरासरी काढावी. पायाखाली तुडवलेल्या जागी सहसा हरळीसारखे जमिनीलगत पसरणारे गवत टिकते. असे का, हा पुढचा धडा.

मुलांना नेण्यापूर्वी शिक्षकाने त्याच वेळी जागा पाहून यावी: सावली, पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, मधमाश्यांची पोळी. नदीच्या काठावर उतरायचे नाही, हा नियम पक्का. एका फेरीला एकच प्रश्न, दहा मुलांमागे एक मोठे माणूस, आणि परतल्यावर नोंदींवर चर्चा. चर्चा झाली नाही तर ती सहलच ठरते.

हात बसला की हिवाळ्यात डभोईजवळचा वढवाणा तलाव. गायकवाडी काळात सिंचनासाठी बांधलेला हा तलाव २०२१ पासून रामसर यादीत आहे. मध्य आशियाई मार्गाने स्थलांतर करणाऱ्या ८० हून अधिक जातींचे पाणपक्षी तिथे हिवाळा काढतात.

मंडळात निवृत्त शिक्षक आहेत, वनस्पतिशास्त्र शिकलेले आहेत, पक्षी ओळखणारे आजी-आजोबाही आहेत. शिक्षकांना पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत सोबत हवी असते. ती आपण देऊ शकतो. महिन्यातली एक सकाळ काढता येईल, त्यांनी कार्यकारिणीला जरूर कळवावे.