लेणी-लेखांचे छायाचित्रण : आरंभ करणाऱ्यांसाठी

बोरिवलीची कान्हेरी व मागाठाणे आणि अंधेरीची कोंडिविटे अर्थात महाकाली लेणी ही मुंबईच्या उपनगरांतील बौद्ध स्थाने आमच्या वाचकांना सुपरिचित आहेत. तेथे जाणाऱ्या बहुतेक उपासक-उपासिकांच्या हाती आज डिजिटल कॅमेरा, निदान कॅमेरा असलेला मोबाईल असतो. छायाचित्रे पुष्कळ घेतली जातात; परंतु त्यांच्या आधारे शिलालेखाची एक ओळ वाचावयाची म्हटल्यास बहुधा निराशाच पदरी पडते. दोष यंत्राचा नसून ते हाताळण्याच्या पद्धतीचा आहे. म्हणून काही प्राथमिक गोष्टींचा विचार प्रस्तुत लेखात करीत आहोत.

शिलालेखांची नक्कल करण्याची परंपरा जुनी आहे. कान्हेरीच्या लेखांच्या ई. डब्ल्यू. वेस्ट यांनी केलेल्या नकला 1861 साली प्रसिद्ध झाल्या. पुढे 1883 मध्ये बर्जेस व ब्यूलर यांच्या ग्रंथात त्यांचा समावेश झाला आणि 1991 मध्ये डॉ. शोभना गोखले यांचा कान्हेरीच्या लेखांवरील ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने प्रकाशित केला. मुंबईत छायाचित्रकारांची संस्था 1854 सालीच स्थापन झाली होती आणि अजिंठ्याचे लेख वाचणारे डॉ. भाऊ दाजी लाड हे त्या संस्थेशी संबंधित होते. त्या काळी रासायनिक लेप दिलेल्या काचा वाहून न्याव्या लागत. पुढे फिल्म आली, तरी छत्तीस चित्रांचे रीळ धुऊन येईपर्यंत चूक कळत नसे. डिजिटल कॅमेऱ्यात प्रकाश संवेदक पट्टिकेवर पडतो, त्याचे विद्युत्‌भारात व नंतर अंकांत रूपांतर होते आणि चित्र तत्क्षणी दिसते. चूक जागेवरच सुधारता येणे हा नवशिक्याला मिळालेला सर्वांत मोठा लाभ होय.

कॅमेऱ्यात प्रकाशाचे नियमन तीन गोष्टींनी होते. पहिली, भिंगाचे छिद्र. ते लहान केले की जवळचे व दूरचे दोन्ही अधिक स्पष्ट येते. लेखासाठी एफ-8 च्या आसपासचे छिद्र सामान्यतः योग्य ठरते. दुसरी, शटरचा वेग. कॅमेरा हातात धरल्यास तो सेकंदाच्या साठाव्या भागापेक्षा मंद नसावा, अन्यथा हात हलून अक्षरे पुसट येतात. तिसरी, आयएसओ, म्हणजे संवेदकाकडून येणारा संकेत किती वाढवावयाचा याचे माप. ते फार वाढविल्यास चित्रात दाणे उमटतात आणि पाषाणाचे दाणे कोणते व यंत्राचे कोणते हे कळेनासे होते. म्हणून आयएसओ 100 ते 200 ठेवावा आणि अंधाऱ्या लेण्यात शटर मंद करून कॅमेरा तिपाईवर बसवावा. तिपाई व कृत्रिम प्रकाश वापरण्यापूर्वी पुरातत्त्व खात्याच्या तेथील कर्मचाऱ्यांना अवश्य विचारावे.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची आहे ती प्रकाशाची दिशा. आरंभी आम्ही स्वतः फ्लॅश लावून समोरून चित्रे घेतली. भिंत लख्ख दिसली, अक्षरे मात्र नाहीशी झाली. कोरलेले अक्षर हे खाचेतील सावलीमुळे दिसते. समोरच्या प्रकाशाने सावली नष्ट होते, तर भिंतीला जवळजवळ समांतर येणाऱ्या तिरप्या प्रकाशाने ती उठून दिसते. मात्र एकाच दिशेचा प्रकाश पुरेसा नाही. प्रकाश बाजूने आला तर उभ्या रेषा स्पष्ट होतात, पण त्या प्रकाशाच्याच दिशेत असलेल्या आडव्या रेषा मावळतात. ब्राह्मी लिपीत आकाराची मात्रा ही अशीच एक लहान आडवी रेषा असते. ती हरवली की ‘दान’ शब्दाचे ‘दन’ होते. यास्तव प्रत्येक लेखाची निदान दोन चित्रे घ्यावीत, एक बाजूच्या व दुसरे वरच्या प्रकाशात. दिवा वापरण्याची मुभा नसल्यास सकाळी व दुपारी अशा दोन वेळा तोच लेख पाहावा.

कॅमेरा भिंतीला समांतर धरावा, अन्यथा अक्षरांचे प्रमाण बिघडते. मोजपट्टी लेखाशेजारी, पाषाणाला न टेकविता धरावी. प्रथम संपूर्ण भिंतीचे, मग लेखाचे, मग भागशः जवळून चित्र घ्यावे. शेजारच्या दोन चित्रांत सुमारे एक-तृतीयांश भाग समान असावा. मोबाईलमधील डिजिटल झूम नवा तपशील देत नाही. शक्य असल्यास जवळ जावे. अक्षरांत खडू भरणे किंवा भिंतीवर पाणी मारणे हे सर्वथा वर्ज्य होय. कान्हेरी व कोंडिविटे येथील पाषाण ज्वालामुखीजन्य, खडबडीत व मिश्र आहे. खरवडलेले अक्षर पुन्हा येत नाही.

घरी आल्यावर त्याच दिवशी प्रत्येक चित्राला तारीख, लेणे क्रमांक आणि भिंतीची दिशा ही नोंद द्यावी. मूळ चित्रात फेरफार न करता सुधारणा प्रतीवर कराव्यात व मूळ चित्रे दोन वेगळ्या ठिकाणी जतन करावीत. व्हॉट्सअॅपवर चित्र साध्या पद्धतीने पाठविल्यास ते संकुचित होते. म्हणून ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. कान्हेरीच्या लेखांत राजांची नावे थोडी आहेत. तेथे कल्याणचा सोनार आहे, लोहार आहे, सोपारा व नाशिकचे दायक आहेत, भिक्षुणी आहेत. कोणी लेणे दिले, कोणी ‘पोढी’ म्हणजे पाण्याचे टाके दिले आणि ‘देयधम्म’ हा शब्द लिहून ते निघून गेले. यांतील बहुतेकांचा याखेरीज कोणताही पुरावा इतिहासात उरलेला नाही. दर पावसाळ्यात पाणी त्या ओळींवरून वाहते. ज्याच्या हाती कॅमेरा आहे, त्याने पुढील रविवारी स्वतःच्या छबीबरोबरच एका लेखाची दोन चांगली चित्रे घ्यावीत, एवढीच आमची अपेक्षा आहे.